झपाटलेल्या वस्तूंचा भाव

२०२५ सालच्या ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकेतून एक बातमी आली. मॅट राइफ या तरुण विनोदवीराने एका मित्राच्या भागीदारीत कनेटिकट राज्यातल्या मन्रो गावी एक घर विकत घेतले. हे घर एड आणि लॉरेन वॉरन या दांपत्याचे. भुताखेतांचा शोध घेण्यात हयात घालवलेल्या या जोडप्याने ‘झपाटलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूंचे एक संग्रहालयच घरी मांडले होते. निवासी वस्तीत असे संग्रहालय चालवता येत नाही, या कारणावरून ते २०१९ मध्ये बंद पडले. आता घराबरोबरच तिथल्या सुमारे साडेसातशे वस्तूंचे आपण निदान पाच वर्षांसाठी ‘कायदेशीर पालक’ झालो आहोत, असे राइफ यांनी जाहीर केले. या वस्तूंत ‘अ‍ॅनाबेल’ ही बाहुली आहे. २०१४ साली तिच्या नावाचा चित्रपट निघाला. त्यातली बाहुली भेसूर चेहऱ्याची; खरी मात्र कापडाची, लोकरीच्या केसांची, अमेरिकेतल्या कितीतरी घरांत असायची तशी साधी बाहुली. लोकांना त्या घरात पैसे मोजून रात्र काढता यावी, अशी नव्या मालकांची योजना.

आयुष्याची तीन दशके बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या बातमीत भुतापेक्षा ‘पालक’ हा शब्द आधी दिसतो. अज्ञान मुलाच्या खात्यावर आम्ही पालकाचे नाव लिहीत असू. पालक म्हणजे ज्याला स्वतःचे हित पाहता येत नाही, त्याचे हित पाहणारा. इथे कुणाचे हित पाहायचे? बाहुलीचे, की तिच्या नावाने जमणाऱ्या गल्ल्याचे? हसून सोडून देण्यासारखा प्रश्न वाटेल. पण त्याच्यामागे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेला एक मोठा बदल आहे, आणि त्याचा धागा आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांपर्यंत येऊन पोचतो.

पूर्वी वस्तूला भूत लागले की तिची किंमत उतरत असे. ज्या पलंगावर कुणी अवचित गेले, तो पलंग गड्याला देऊन टाकायचा. जो पाळणा रिकामा राहिला, तो देवळात नेऊन ठेवायचा. नाहीतर बोहारणीच्या किंवा भंगारवाल्याच्या गळ्यात मारायचा. घराचेही तेच. न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावच्या एका घरात भुते आहेत, असे तिथल्या मालकीणबाईंनीच मासिकातून आणि स्थानिक वर्तमानपत्रांतून सांगितले होते. ग्राहकाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्याने विसाराची रक्कम भरली आणि मग ही कीर्ती त्याच्या कानावर गेली. प्रकरण कोर्टात गेले. १९९१ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, भुते आहेत असे बाईंनीच जगाला सांगितलेले असल्यामुळे आता ती नाहीत असे म्हणण्याचा त्यांना अधिकार उरलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलेच आहे. ग्राहकाला करारातून मोकळे करण्यात आले. भूत आहे की नाही, यात न्यायालय शिरले नाही. भुताच्या बोलवेमुळे मालाचा भाव पडतो आणि ती गोष्ट ग्राहकापासून लपली होती, एवढेच त्याने पाहिले.

पुढच्या बारा वर्षांत हवा पालटली. २००३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमधल्या केव्हिन मॅनिस या जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने ‘ईबे’ या संगणकावरच्या लिलावबाजारात एक छोटे लाकडी कपाट विकायला काढले. कपाट दारूच्या बाटल्या ठेवायचे. त्याच्याबरोबर त्याने एक लांबलचक हकीकत लिहिली. पोलंडमधल्या नाझी छळातून वाचलेल्या, एकशे तीन वर्षांच्या एका ज्यू आजीचे हे कपाट. ते कधी उघडू नये, असे ती सांगून गेलेली. आत केसांच्या दोन बटा, जुनी नाणी, वाळलेली गुलाबाची कळी. आणि ‘डिबुक’, म्हणजे ज्यू लोककथांतला पछाडणारा आत्मा. कपाट भेट म्हणून दिले त्याच दिवशी आपल्या आईला पक्षाघाताचा झटका आला, असेही त्याने लिहिले.

पुढचे वर्ष उलटायच्या आत ते कपाट मिसूरी राज्यातल्या एका वैद्यकीय संग्रहालयाच्या संचालकांनी, जेसन हॅक्स्टन यांनी, २८० डॉलरला घेतले. २०११ मध्ये त्यांचे त्यावर पुस्तक निघाले. २०१२ मध्ये ‘द पझेशन’ हा चित्रपट आला. मग झॅक बेगन्स या दूरचित्रवाणीवरच्या भूतशोधकाने ते लास व्हेगासच्या आपल्या संग्रहालयात तिकीट लावून मांडले. २०१७ साली मल्याळममध्ये ‘एझ्रा’ हा चित्रपट आला, तोही ज्यू पेटीतल्या अशाच आत्म्याचा. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्याचाच हिंदी अवतार ‘डिबुक’ आपल्या दिवाणखान्यात पोचला.

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या जुलैत मॅनिस यांनी एका अमेरिकी नियतकालिकाला सांगून टाकले होते, की ती सारी हकीकत आपण रचली. केनी बिडल या चिकित्सक शोधकाने कपाटाचे मूळही हुडकले होते. ते युरोपातून आलेले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये तयार झालेला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला तो घरगुती ‘मिनीबार’ होता. एवढे झाल्यावर भाव कोसळायला हवा होता. तसे काही दिसले नाही. लोक कपाट पाहायला येतच नव्हते. ते गोष्ट पाहायला येत होते, आणि गोष्ट जागच्या जागी होती.

बँकेत घर गहाण ठेवून कर्ज द्यायचे तर आम्ही वकिलाकडून ‘सर्च रिपोर्ट’ घेत असू. तीस वर्षे मागे जायचे, कुणाकडून कुणाकडे मालकी आली ते दस्तावरून पाहायचे, मधला एखादा दुवा तुटला असेल तर कर्ज अडायचे. झपाटलेल्या वस्तूंच्या बाजारात नेमका हा अहवाल कुणी मागत नाही. मागितला तर काय होते, याचे नमुनेदार उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. यॉर्कशरमधल्या थर्स्क गावच्या संग्रहालयात १९७८ पासून एक लाकडी खुर्ची भिंतीवर उंच टांगलेली आहे, कुणाला बसता येऊ नये म्हणून. १७०२ साली फाशी गेलेल्या थॉमस बझ्बी या खुन्याने या खुर्चीला शाप दिला आणि तिच्यावर बसणारा मरतो, अशी आख्यायिका. फर्निचरच्या इतिहासाचे अभ्यासक अ‍ॅडम बोवेट यांनी ती तपासली. तिचे दांडे यंत्रावर कातलेले निघाले. खुर्ची १८४० च्या सुमाराची ठरली. शाप देणारा फासावर गेल्यावर एकशे अडतीस वर्षांनी तिचा जन्म!

मग लोकांना जे अनुभव येतात ते सगळे खोटे? तसे मी म्हणणार नाही. अनुभव खरे असतात, त्यांची नोंद चुकीच्या खात्यावर पडते. वस्तू ‘तशी’ आहे असे एकदा कानावर आले की, घरातले आजारपण, पडलेले दूध, बंद पडलेली गाडी, सारे तिच्या नावे पडते. त्याच काळात मुलाला नोकरी लागली तर ती मात्र तिच्या जमेला कुणी धरत नाही. ज्या खात्यात फक्त नावे पडते आणि जमा कधी होतच नाही, ते खाते बुडीतच दिसणार.

१९८५ च्या सप्टेंबरात ‘द सन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने रडणाऱ्या मुलाच्या चित्राबद्दल असेच रान उठवले. घर जळते, पण भिंतीवरचे हे चित्र जळत नाही, असे अग्निशमन दलातला एक माणूस सांगत होता. घाबरलेल्या वाचकांनी आपापली चित्रे पाठवून दिली आणि त्या पत्राने त्यांची होळी केली. ही चित्रे दुकानादुकानांतून हजारोंनी खपलेल्या स्वस्त छापील प्रती होत्या; तेव्हा जळलेल्या घरांपैकी काहींत त्या सापडणे साहजिक होते. पुढे प्रयोगशाळेत एक प्रत पेटवून पाहिली तेव्हा तिच्यावरचे रोगण आग धरत नाही, असे दिसले. शिवाय टांगलेली दोरी आधी जळते, चित्र पालथे पडते आणि त्याचे तोंड वाचते.

इथवर सारे परमुलुखातले झाले. आता घरातले.

माझ्याकडे सागवानी फणेरपेटी आहे. तरुण वाचकांसाठी सांगतो, फणेरपेटी म्हणजे झाकणाच्या आत आरसा बसवलेली, फणी, करंडा आणि मेण ठेवायची बायकांची पेटी. ही पेटी माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या पत्नीची. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच विहिरीत पाय घसरून ती गेली, असे घरात सांगत. रात्री पेटीतून फणी फिरल्याचा आवाज येतो, आणि आरशात पाहिले तर आपल्यामागे ती दिसते, अशी आख्यायिका. वडिलांच्या पश्चात गावच्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा तांब्यापितळेच्या हंड्याकळशांवरून बरीच बोलाचाली झाली. पेटीला मात्र कुणी हात लावीना. मी ती घेतो म्हणालो, तेव्हा आत्या कळवळून म्हणाली, ‘‘बाळा, नेतोस तर ने, पण उघडू नकोस रे. धाकट्या काकूची आहे ती.’’

मी ती उघडली. आवाजाचा उलगडा लगेच झाला. पेटी सागाची असली तरी तळाची फळी आंब्याच्या लाकडाची होती, आणि आंब्याच्या लाकडाला किडा लागतो. फळीला बारीक भोके होती, खाली पिवळसर भुसा सांडला होता. रात्री घर निवांत झाले की कुरतडण्याचा आवाज फणीसारखाच येणार. आरशाचा पारा डागाळला होता. त्यात मला मीही धड दिसलो नाही.

पण त्या फळीखाली एक कागद होता. सावकाराची चिठ्ठी. सन १९३८, पाटल्या एक जोड, वजन चार तोळे, गहाण. रक्कम लिहिलेली. पैसे घेणाऱ्याचे नाव तिचे नव्हते, आमच्या घरातल्या एका कर्त्या पुरुषाचे होते. गहाण सोडवल्याची नोंद नव्हती. तीन दशकांत मी अशी कागदपत्रे पुष्कळ पाहिली. त्यांच्यात लिहिलेले असते तेवढेच वाचावे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तेव्हा त्या कागदावरून मी एवढेच म्हणतो, की तिचे सोने गहाण पडले होते आणि ती चिठ्ठी तिने जपून, लपवून ठेवली होती. विहिरीचे काय झाले, ते कागद सांगत नाही. मात्र इतकी वर्षे ती पेटी कुणी उघडली नाही ते भुताच्या धाकाने, आणि ती न उघडण्यात कुणाची तरी सोय होती, हेही तितकेच खरे.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म इथे आहे. आपल्या भुतांची यादी नीट पाहा. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेल्या मुलाचा मुंजा. पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत. इस्टेटीत जीव अडकलेल्याचा समंध. ही यादी म्हणजे ज्या मृत्यूंबद्दल घराला आणि गावाला कुठेतरी टोचणी होती, त्यांचे रजिस्टर आहे. बाईला बाळंतपणात वेळेवर मदत का मिळाली नाही, हे विचारायचे नसले की ती अळवंत झाली असे म्हणायचे. भूत झाले, नारळ दिला, बंदोबस्त केला, फाइल बंद. भुताची गोष्ट लोकांना वाटते तशी मेलेल्याची आठवण ठेवत नाही. पुष्कळदा ती आठवण पुसून टाकते. आमच्या धाकट्या काकूचे भूत सगळ्यांना ठाऊक आहे. तिचे माहेरचे नाव आज एकालाही सांगता येत नाही.

तेव्हा कायदाही तिच्या बाजूने फारसा नव्हता. स्त्रीधन हे पत्नीचेच, नवरा किंवा सासर फार तर त्याचे विश्वस्त, असे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते १९८५ साली, प्रतिभा राणी खटल्यात. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले तर जाब सासरला विचारायचा, हे तत्त्व १९८६ मध्ये दंड विधानात आले. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. ही कलमे नव्हती त्या काळात त्यांची रिकामी जागा आपण हडळींनी भरून काढली होती.

आता पुन्हा त्या अमेरिकी कपाटाकडे पाहा. त्यातली छळछावणीची आजी रचलेली होती. खऱ्या छळातून लाखो माणसे गेली, आणि त्यांच्या दुःखाचा रंग लिलावातल्या एका मिनीबारला फासला गेला. ‘डिबुक’ची मूळ कल्पनाही मोडूनतोडून वापरली गेली, ज्यू परंपरेतला डिबुक जिवंत माणसाला धरतो, पेटीत राहत नाही. ज्यू हे आपल्याला काही चित्रपटातून कळलेले लोक नाहीत. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. इस्रायलला गेले तेव्हा मराठी बरोबर घेऊन गेले. त्यांच्या धर्मबांधवांच्या संहाराचे करमणुकीच्या तिकिटात रूपांतर होते, तेव्हा ते आपल्यालाही थोडे लागायला हवे.

आपल्याकडे हा बाजार वेगळ्या नावाने चालतो. भुताऐवजी तिथे ‘शक्ती’ असते. वीज पडलेले जुने तांब्याचे भांडे तांदळाचे दाणे ओढते, त्याला ‘राइस पुलर’ म्हणतात, परदेशी अंतराळ संस्था त्यासाठी कोट्यवधी मोजतात, असे सांगून ठिकठिकाणी माणसे नागवली गेली आहेत. २०१८ च्या मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी एका बापलेकाला पकडले. त्यांनी एका व्यावसायिकाला अशाच भांड्यापायी १ कोटी ४३ लाख रुपयांना बुडवले, असा आरोप होता. झपाटलेले कपाट आणि चमत्कारी भांडे ही एकाच दुकानातली दोन फळ्यांवरची विक्री. दोन्हीकडे वस्तू जुनी, वंशावळ गुलदस्तात, आणि गोष्ट तयार.

‘ईबे’ने २०१२ साली मंत्र, शाप, जादूटोणा असल्या न दिसणाऱ्या मालाची विक्री बंद केली. पण वस्तू विकायला मोकळीक आहे; गोष्ट तिच्याबरोबर फुकट जाते. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आठवड्याच्या आत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भुताची भीती घालून माणसाला छळणाऱ्या, लुबाडणाऱ्या भोंदूला त्याने चाप बसतो. घरातल्या घरात, प्रेमाच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टीला कुठला कायदा चाप लावणार? ते काम घरातल्यांनाच करावे लागेल.

कसे करायचे? माझी सूचना व्यवहारी आहे. घरात अशी एखादी वस्तू असेल तर तिला घाबरू नका आणि तिचे प्रदर्शनही मांडू नका. आधी तिचा ‘सर्च रिपोर्ट’ काढा. लाकूड कोणते, खिळे हातघडणीचे की कारखान्यातले, बनावटीवर कुठे नाव आहे का, ते पाहा. खरी भीती कशाची ते ओळखा: जुन्या आरशांच्या पाठीला पारा असू शकतो, जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर रेडियम असू शकते. लहान मुलांच्या हाती ही देऊ नयेत, ते भुतामुळे नव्हे. वस्तू खरोखर शंभर वर्षांपलीकडची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याकडेही लक्ष द्या. अशी पुरावस्तू परदेशी पाठवायची खासगी माणसाला मुभा नाही.

आणि मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. ‘ही कुणाची?’ एवढे विचारून थांबू नका. तिचे नाव काय होते, माहेर कुठले, वय काय होते, ती कशाने गेली, तेव्हा घरात कोण कोण होते, हे विचारा. प्रश्न अवघड जातील. आजी-आजोबा विषय बदलतील, ‘जाऊ दे रे, कशाला उकरतोस?’ म्हणतील. तरी हळूहळू, मान राखून विचारा. कारण ही उत्तरे देऊ शकणारी पिढी आता थोडी उरली आहे. जे कळेल ते तारखेसह एका कागदावर लिहा, आणि तो कागद त्या वस्तूतच ठेवा. पुढे ती वस्तू कुणाच्याही घरी गेली तरी तिच्याबरोबर एका माणसाची नोंद जाईल, आणि माणसाची नोंद असली की भुताला फारशी जागा उरत नाही.